हाक मारून बघा, मग बारसं करा

पाळीव प्राण्यांच्या नावांविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही, उत्तरांसह.

प्रश्न : येत्या रविवारी आमच्याकडे दोन महिन्यांचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू येतंय, नर. घरात सहा माणसं आणि यादीत वीस नावं. मुलांना ‘ब्रूनो’ हवंय, आजोबांना ‘मोती’, माझ्या मनात ‘बसंत’ आहे. नाव निवडायची काही रीत असते का? (नाशिक)

उत्तर : ‘बसंत’ आधी यादीतून काढा. पिल्लाला पहिल्याच आठवड्यात तुम्ही जो शब्द शिकवणार तो ‘बस’. मग ‘बसंत, ये’ म्हटलं की ते बूड टेकेल, तुम्ही चिडाल आणि चूक त्याची नसेल. बाकीच्या नावांसाठीही हेच करा. घरात रोज वापरले जाणारे हुकूम एका कागदावर लिहून काढा : बस, ये, थांब, नको, सोड, घे, चल. इंग्रजी वापरणार असाल तर सिट, स्टे, नो, डाऊन. यांच्याशी सुरुवात किंवा ठसका जुळणारी नावं गाळा. ‘नकुल’ हे ‘नको’च्या फार जवळ जातं, ‘येसू’ हे ‘ये’च्या, आणि ‘बो’ किंवा ‘नोव्हा’ म्हणजे ‘नो’च. वीसातली पाच-सहा इथेच गळतील.

पुढची गोम मराठीतली आहे आणि इंग्रजी पुस्तकं वाचून नाव ठेवणाऱ्यांच्या ती लक्षात येत नाही. नाव ‘मोती’ ठेवलंत तरी हाक ‘मोत्याऽऽ’ अशीच जाणार आणि घरात ‘मोत्याला खायला घातलं का?’ असंच बोललं जाणार. आजोबा मोती म्हणणार, मुलं मोत्या, आजी मोतू. माणसाला ही एकाच नावाची रूपं वाटतात, पिल्लाला ते तीन वेगळे आवाज आहेत. म्हणून ‘मोती’ आवडत असेल तर सरळ ‘मोत्या’च ठेवा. वाघ्या, शेरू, ब्रूनो, टिपू या नावांना ‘ला’ किंवा ‘ने’ लागला तरी मूळ आवाज हलत नाही. ही सोय मोठी आहे.

लांबी दोन अक्षरांची पुरे, फार तर तीन. क, ट, प, च अशा फटकन फुटणाऱ्या आवाजाने सुरू होणारं आणि लांबवता येईल अशा स्वराने संपणारं नाव मोकळ्या जागेत हाकेला बरं. ‘स’ किंवा ‘श’ने सुरू होणारं नाव पंख्याच्या आणि कुकरच्या आवाजात थोडं विरतं, पण तेवढ्यावरून ‘शेरू’ बाद करायचं कारण नाही. कुत्र्याला साधारण ४५,००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, माणसाला २०,०००पर्यंत. त्याला ऐकू येण्याची अडचण नसतेच. अडचण असते दिवसभराच्या आपल्या बडबडीतून स्वतःचं नाव वेगळं काढण्याची.

उरलेली तीन-चार नावं घेऊन गॅलरीत उभे राहा आणि प्रत्येक नाव दहा वेळा मोठ्याने ओरडा. घरातल्या प्रत्येकाने. रात्री अकराला जिन्यात पट्टा सुटला तर हे नाव पूर्ण सोसायटीला ऐकू जाणार आहे, तेव्हा लाज वाटेल असं नको. देवादिकांची आणि इतिहासातल्या थोरांची नावंही याच कारणाने टाळावीत. चप्पल फाडलेल्या कुत्र्यावर त्या नावाने ओरडायची वेळ येते आणि ऐकणाऱ्याला ते झोंबतं. ‘छोटू’ही नको. वर्षभरात तो तीस किलोचा होईल.

प्रश्न : तीन आठवडे झाले, ‘कूकी’ म्हणून हाक मारतोय, पण आमची चार महिन्यांची बीगल ढुंकूनही बघत नाही. तिला ऐकू येत नसेल का? (पुणे)

उत्तर : आधी तेच तपासा. ती पाठमोरी असताना दुसऱ्या खोलीतून तिच्या खाऊच्या डब्याचं झाकण वाजवा. धावत आली तर कान ठणठणीत आहेत. नाहीच आली तर डॉक्टरांना दाखवा.

कान ठीक असतील तर नाव वापरून वापरून बोथट झालंय. एक दिवस मोजून बघा : ‘कूकीने शू केली’, ‘कूकी नको’, ‘कूकी किती गोड’, फोनवर मावशीला ‘आमची कूकी ना...’. दिवसाला शंभर वेळा ते नाव तिच्या कानावर पडतं आणि त्यातल्या नव्वद वेळा पुढे काहीच घडत नाही. पंख्याच्या घरघरीकडे आपण जसं लक्ष देत नाही, तसं तिने नावाकडे देणं सोडलंय.

दोन दिवस नाव पूर्ण बंद ठेवा. तिच्याविषयी बोलताना ‘पिल्लू’ म्हणा. मग उकडलेलं चिकन किंवा पनीर घ्या आणि हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करा. मीठ-मसाला नको. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट हे कुत्र्याला विषारी, त्यामुळे रश्श्यातलं चिकन धुऊनसुद्धा देऊ नका. दार लावलेल्या शांत खोलीत तिच्यापासून दोन हात लांब उभे राहा. ती दुसरीकडे बघत असताना ‘कूकी’ असं एकदाच, आनंदाने म्हणा. मान वळली की त्याच क्षणी ‘शाब्बास’ आणि एका सेकंदाच्या आत तुकडा तोंडात. खिशातून पिशवी काढून गाठ सोडेपर्यंत तिचं लक्ष उडालेलं असतं आणि बक्षीस भलत्याच गोष्टीला मिळतं, म्हणून तुकडे मुठीत तयार ठेवा. दहा तुकडे संपले की थांबायचं. दोन-तीन मिनिटांत होतं. दिवसातून तीन-चारदा, जेवणाआधी. हे सगळं खाणं दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शापलीकडे जाऊ नये.

चार-पाच दिवसांनी टीव्ही चालू असलेल्या खोलीत, मग जिन्यात, मग खाली आवारात तीन मीटरच्या दोरीला बांधून. पायरी ओलांडायची कधी? दहापैकी आठ वेळा मान वळू लागली की. बीगल वासामागे जाणारी जात आहे, जमिनीला नाक लागलं की तिला जग दिसत नाही. आवारात पहिल्या दिवशी फजिती होणार हे धरून चला.

नाही वळली तर नाव पुन्हा उच्चारू नका. जिभेने टकटक आवाज काढा किंवा दोन पावलं मागे जा, वळेल. ‘कूकी, कूकी, कूकी, कूकी’ असं चारदा म्हटल्यावर ती येत असेल तर तिच्या लेखी चौथी कूकी हीच हाक. रागावताना नाव घ्यायचं नाही. आंघोळ, नखं कापणं, औषध यांसाठी हाक मारून बोलवायचं नाही, जाऊन उचलून आणायचं.

प्रश्न : संस्थेकडून चार वर्षांचा गावठी कुत्रा दत्तक घेतला. कागदावर नाव ‘बुलेट’. आम्हाला ते आवडत नाही. आता बदलता येईल का? (ठाणे)

उत्तर : येईल, वयाची अट नाही. पण आधी दोन आठवडे त्याला घरात रुळू द्या. जुन्या नावाने तो आनंदाने येत असेल तर ते राहू द्यावं असं आमचं मत. नाव ऐकून शेपूट पायांत घालत असेल किंवा कोपऱ्यात जात असेल तर मात्र नक्की बदला, त्या नावामागे मार असू शकतो.

बदलताना क्रम महत्त्वाचा, आणि बहुतेकजण तोच उलटा करतात. आधी नवं नाव, अर्धा-एक सेकंद थांबून जुनं, मग खाऊ : ‘टिप्या... बुलेट’, तुकडा. नव्या नावानंतर ओळखीचं नाव येतं हे कळलं की तो नव्यावरच वळू लागतो. ‘बुलेट... टिप्या’ असं म्हणत राहिलात तर पहिल्या शब्दावरच त्याचं काम झालेलं असतं आणि दुसरा त्याच्या कानात शिरत नाही. आठ-दहा दिवसांत जुनं नाव गाळा. लसीकरणाची पुस्तिका आणि महापालिकेचा परवाना यांवर नवं नाव लिहून घ्या. कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवलेली असेल तर तिचा १५ अंकी नंबर तोच राहतो, पण ज्या नोंदवहीत तो नंबर टाकलाय तिथे तुमचं नाव आणि फोन बदलायला विसरू नका. कुत्रा हरवला की त्याच्या नावापेक्षा तोच उपयोगी पडतो.

प्रश्न : दोन मांजरी आहेत, ‘मनी’ आणि ‘मिनी’. एकीला बोलावलं की दोघी येतात, नाहीतर दोघीही येत नाहीत. मांजराला नाव कळतं तरी का? (रत्नागिरी)

उत्तर : कळतं. जपानमधल्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घरच्या मांजरांना त्यांच्या नावासारखेच चार शब्द ऐकवले आणि मग नाव. शब्दांना कंटाळलेली बरीचशी मांजरं नावाला कान किंवा डोकं हलवत होती, अनोळखी माणसाच्या आवाजातसुद्धा. पण मांजरांच्या कॅफेत (जिथे गिऱ्हाइकं मांजरांशी खेळायला येतात) राहणाऱ्या मांजरांना आपलं नाव आणि शेजारणीचं नाव यांतला फरक करता आला नाही. तिथे कोणाचंही नाव घेतलं तरी खाऊ किंवा लाड सगळ्यांनाच मिळत असावेत. तुमच्याकडे तेच चाललंय, त्यात नावांत फरक फक्त एका इकाराचा.

‘मनी’ राहू द्या, मिनीचं ‘टकू’ किंवा ‘चंपा’ करा. आठवडाभर दोघींना वेगळ्या खोल्यांत खायला घाला आणि ताटली ठेवताना ज्या मांजरीची तिचंच नाव घ्या. मासळीच्या पिशवीचा आवाज झाल्यावर घेतलेलं नाव फुकट जातं, कारण मांजर पिशवीला येतं. आधी नाव, मग पिशवी. आणि कान हलवून जागेवरच बसून राहिली तर तिला ऐकू आलेलं आहे, एवढं समजा.

प्रश्न : इथे ब्रीडरकडून घेतलेल्या पिल्लाच्या वंशावळीत ‘डी’ने सुरू होणारं नाव लिहिलंय. आम्हाला ‘खंडू’ ठेवायचंय. चालेल का? (श्टुटगार्ट, जर्मनी)

उत्तर : चालेल. तिकडे ब्रीडर आपल्याकडे जन्मलेल्या वेतांना ओळीने अक्षरं देतात : पहिल्या वेताची सगळी पिल्लं ‘ए’ची, दुसऱ्याची ‘बी’ची. तुमचं चौथ्या वेतातलं. फ्रान्समध्ये अक्षर वेतावर नसून वर्षावर असतं, २०२५चं ‘ए’ होतं. वंशावळीतलं नाव तसंच राहतं, हाकेचं नाव तुमचं तुम्ही ठेवा. फक्त तिथल्या शेजाऱ्यांच्या तोंडून ‘ड’चा नेम नाही. कुत्रा त्यांच्याकडे अधूनमधून राहणार असेल तर त्यांच्या उच्चाराला वळायचीही सवय लावा. ‘गिफ्ट’ मात्र ठेवू नका, जर्मनमध्ये त्याचा अर्थ विष.

प्रश्न : पिंजऱ्यासकट पोपटाचं पिल्लू घेतलं. ‘मिठू’ सगळ्यांचाच असतो, वेगळं नाव सुचवा. (अकोला)

उत्तर : हिरवा, लाल चोचीचा देशी पोपट असेल तर नावाचा प्रश्न नंतरचा. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ प्रमाणे तो पकडणं, विकणं आणि पाळणं गुन्हा आहे. स्वतः उडवून देऊ नका, हाताने भरवलेलं पिल्लू बाहेर जगत नाही. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

प्रश्न : कुत्र्याचं नाव ‘बंटी’ ठेवलं, आणि समोरच्यांच्या मुलाचंही तेच निघालं. ते बोलेनासे झालेत. (सांगली)

उत्तर : बदला. वर ठाण्याच्या वाचकांना दिलेली रीत वापरा. बंटी, पिंकी, सोनू, राजू ही नावं ठेवण्याआधी जिन्यातल्या पाट्या आणि पाळण्यातली मुलं बघून घ्यावीत.

प्रश्न : खिलार गाईला कालवड झालीय आणि बाजारातून एक बैलही घेतलाय. दोघांची नावं काय ठेवावीत? (सांगोला)

उत्तर : कालवडीचं नाव रंगावरून किंवा खुणेवरून ठेवायची आपली जुनी चाल सोयीची आहे. कपाळावर चांदवा असेल तर चंद्री, तांबूस असेल तर तांबू. गडी बदलला तरी गोठ्यातलं कोणतं जनावर म्हणताय ते त्याला लगेच कळतं. एक लक्षात घ्या, खिलाराच्या वासराचा जन्माचा रंग वाढताना पालटतो, म्हणून रंगावरून ठेवायचं तर थोडं थांबा. कानातल्या टॅगचा १२ अंकी नंबर नावाशेजारी वहीत लिहून ठेवा. विम्याचा दावा त्या नंबरावर चालतो, ‘आमची चंद्री’ म्हणून चालत नाही.

बैलाचं नाव बदलू नका. विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा : नाव काय, हाकायचे शब्द कोणते आणि जुवाला कोणत्या अंगाला चालतो. हाकायचे शब्द गावोगाव वेगळे असतात, आणि उजवीकडे चालायची सवय असलेला बैल डावीकडे जुंपला की अडतो, मग खोड नावावर जाते. सर्जा-राजा, ढवळ्या-पवळ्या अशी यमकातली जोडनावं बैलांना चालून जातात, कारण हाकेबरोबर कासऱ्याची ओढही असते आणि ती कोणासाठी आहे ते ज्याचं त्याला कळतं. मांजरीला कासरा नसतो, म्हणून रत्नागिरीत घोटाळा झाला.