समुद्राकडे पाठ करून बसा: तैलचित्राच्या विषयांबद्दल वाचकांचे प्रश्न

समुद्र, माड, सूर्यास्त सगळं रंगवून झालं. आता विषयच दिसत नाही. चांगल्या विषयासाठी कुठे जावं? (एक वाचक, वेंगुर्ले)

निदान महिनाभर कुठेही जाऊ नका. सूर्यास्ताचं चित्र फसतं त्याला कारण आहे. तुमच्याकडचा सर्वांत उजळ रंग म्हणजे टायटॅनियम व्हाइट, आणि सूर्य त्याच्या कैक पटीने उजळ. तेवढा उजेड आणायला आपण केशरी-पिवळ्यात पांढरा ओतत जातो, आणि आकाश पेटण्याऐवजी खडूसारखं फिकट होतं. त्याच वेळी समुद्राकडे पाठ करून बसा. मावळतीचं ऊन चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवर, माडांच्या बुंध्यांवर, न्हाणीच्या कौलांवर आडवं पडलेलं असतं आणि ते सगळं तुमच्या रंगांच्या आवाक्यातलं असतं. साडेचार ते सहा एवढा वेळ मिळतो. 9×12 इंचाच्या बोर्डाला तो पुरतो, मोठ्या कॅनव्हासला नाही.

सकाळी दहाच्या सुमारास पडवी पाहा. खळं (अंगण) उन्हात, पडवीची चुन्याची भिंत सावलीत. सावलीतली भिंत राखाडी असेल असं आपण धरून चालतो, पण खालचा हात-दीड हात नीट बघा: लाल मातीवरचं ऊन उसळून भिंतीवर येतं आणि तो भाग चक्क गुलाबी-तांबूस दिसतो. वर जाल तसा तो निळसर होत जातो. अल्ट्रामरीन (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि पांढरा यांचा एकच राखाडी बनवा. खाली सिएना वाढवा, वर अल्ट्रामरीन. दोन्हींचा उजळपणा मात्र जवळपास सारखा ठेवा. खालचा तांबूस जास्त उजळ केलात तर भिंत उन्हात आल्यासारखी वाटते आणि सगळी गंमत जाते. वाशांच्या खालच्या बाजूलाही हाच उजेड सापडेल. आमच्या मते वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापेक्षा हा विषय भारी आहे.

विषय पारखायची रीत सोपी. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदात 6×8 सेंटिमीटरची खिडकी कापा. हे माप 9×12 च्या बोर्डाशी जुळतं. एक डोळा मिटून खिडकी पुढे-मागे सरकवा. आवडलेली जागा वहीत काड्यापेटीएवढ्या चौकटीत 6 बी पेन्सिलीने उतरवा, फक्त तीन छटांत: गडद, मध्यम, कोरा कागद. अशा तीन-चार चौकटी काढा. तीन छटांत जे उभं राहत नाही, ते रंगाने सावरत नाही. शिवाय चौकटीखाली अर्ध्या ओळीत लिहा की नेमकं काय रंगवायचंय. ‘घर’ असं नको. ‘भिंतीवर उसळलेलं तांबडं’ असं हवं. ही ओळ सुचली नाही तर ती जागा सोडा.

मालवणला होड्या रंगवायला बसलो की अर्ध्या तासात होडी फिरलेली असते. फोटोवरून करू का? (एक वाचक, कणकवली)

नांगरलेली होडी वाऱ्यापाण्याबरोबर फिरणारच. ओहोटीला चिखलात टेकलेली होडी धरा, ती हलत नाही, कललेली असल्याने आकारही जास्त बोलका. वेळ काढायला मच्छीमारांचा हिशोब वापरा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या आसपास भरती. त्याच्या सहा तास आधी, सकाळी नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते, आणि खाडीत आत जाल तसा आणखी उशीर होतो. पुनवेला-अवसेला उधाण असतं, पाणी लांबवर मागे जातं. अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, पाणी फारसं उतरत नाही, त्या दिवशी चिखल दिसेल या आशेने जाऊ नका.

फोटो आकारासाठी घ्या, रंगासाठी नको. भर उन्हात फोन सावल्या काळ्या करतो. होडीच्या पोटाखालचा वाळूवरून आलेला उजेड त्यात उरत नाही. तो जागेवरच छोट्या तुकड्यावर रंगवून आणा.

पावसाळ्यात रंगवायचं काय? शिवाय रंग वाळत नाहीत आणि कॅनव्हासला मागून बुरशी येते. (एक वाचक, देवरुख)

विषयांचा तुटवडा नाही. भिजलेला चिरा उन्हाळ्यातल्यापेक्षा दोन छटा गडद होतो आणि शेवाळाच्या हिरव्याशेजारी तो पेटतो. मासेमारी बंद असताना झापांखाली ओढून ठेवलेल्या होड्या, लावणीची खाचरं, श्रावणानंतर सड्यावरची (कातळाच्या माळावरची) फुलं. अडचण हिरव्याची आहे. ट्यूबमधला सॅप ग्रीन सगळीकडे लावला की चित्र प्लास्टिकचं दिसतं. कोवळ्या भाताला लेमन यलोत किंचित अल्ट्रामरीन घाला. आंब्याच्या कलमांच्या गर्द पानांना अल्ट्रामरीन, यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि चिमूटभर बर्न्ट सिएना.

तैलरंग पाणी उडून वाळत नाही, तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. दमट गारव्यात ते रेंगाळतं. पहिल्या थरात अंबर (मातकट तपकिरी रंग) वापरा, तो लवकर वाळतो. जास्त तेल वरच्या थरांत, खाली टर्पेंटाइनने पातळ केलेला रंग. उलटं केलंत तर वरचा थर आधी आवळतो आणि तडे जातात. रॉकेल घालून घाई करू नका, रंगाची पकड जाते. कॅनव्हास बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मागे चार बोटं मोकळी ठेवा, प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. झाकणाच्या डब्यात पाणी घालून त्यात बुडवा.

घरात मांडून रंगवायला काय घेऊ? (एक वाचक, गुहागर)

बांगडा. पाठीवरच्या निळ्या-हिरव्या पट्ट्या आधी उरका, कारण झळाळी झपाट्याने उतरते. पोट पांढरं नसतं, राखाडीच असतं. शुद्ध पांढरा अगदी शेवटी, दोन ठिपके. खाली केळीचं पान नको, दोन्ही हिरवे भांडतात. काळा तवा ठेवा. पंखा लावा आणि मांजर बाहेर.