आजीचं हिरे जडवलेलं जुनं स्विस घड्याळ लिलावात काढलं तर किती येतील?

तुम्ही लिहिलंय की आजीचं लेडीज रिस्टवॉच आहे, डायलच्या कडेनं हिरे आहेत, आत '१७ ज्वेल्स' लिहिलंय आणि सोलापुरात कुणी धड भाव सांगत नाही. आकडा मीही सांगणार नाही. नुसत्या फोटोवरून पक्का आकडा सांगणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. पण सराफाकडे नेऊ नका. ठेवून आला असाल तर आजच उठून परत आणा.

आमचे वडील नव्या पेठेत घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान कसलं, एका कापड दुकानाच्या पायरीला लागून काचेचं कपाट आणि एक स्टूल. मिलच्या भोंग्यावर काटे जुळवणारी गिऱ्हाइकं. एचएमटी सगळ्यात जास्त, अधूनमधून फेवर-ल्युबा. हिऱ्यांचं घड्याळ त्यांनी आयुष्यात एकदाच उघडलं, तेही घरचंच. आत्याला तिच्या सासूनं दिलेलं, चिंचोक्याएवढं, पट्टाही धातूचाच. २००९ साली बंद पडलं म्हणून आत्यानं वडिलांकडं टाकलं.

वडिलांनी त्यावर आठवडा घालवला. मागचं झाकण उघडून डोळ्याला भिंग लावलं आणि मला म्हणाले, "बघ, बाईचं डोकं दिसतंय का?" दिसलं. सोन्यावरचा स्विस शिक्का तो, बाईचं डोकं म्हणजे १८ कॅरेट. खार असती तर १४. धातू पांढरा होता, म्हणजे पांढरं सोनं. खडे आताच्या हिऱ्यांसारखे चमचमत नव्हते, कारण पैलू कमी. पूर्ण पैलूच्या हिऱ्याला ५७-५८ पैलू असतात, या जुन्या बारक्यांना सतरा-अठरा. त्यामुळं लोकांना ते काच वाटतात. वडील त्याच संध्याकाळी बाळीवेशीत जाऊन आत्याला सांगून आले, "आक्का, हे मोडायचं नाही. विकायचंच झालं तर मुंबईला दाखवू."

हे आमच्या आतेभावानं ऐकलं. त्याला गाडीच्या डाउन पेमेंटला पैसे कमी पडत होते. त्यानं ऐकलं काय, तर 'मुंबई' आणि '१७ ज्वेल्स'. आत सतरा माणकं आहेत, असं त्यानं धरलं!

तुमचाही तोच समज दिसतोय, म्हणून सांगतो. हे १७ ज्वेल्स म्हणजे चाकांची टोकं ज्यात फिरतात ते खडे, झीज कमी व्हावी म्हणून बसवलेले. व्हर्नोई नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९०२ मध्ये कृत्रिम माणिक करायची रीत जाहीर केली, तेव्हापासून हे खडे कारखान्यात बनतात. एचएमटीच्या साध्या 'जनता' घड्याळातही तेच १७. विकायला गेलात तर चहाचे पैसे सुटणार नाहीत.

तर भाऊ घड्याळ घेऊन सराफाकडे. सराफानं कसोटीवर घासलं, पांढरं बघून नाक मुरडलं, आतला शिक्का बघितलाच नाही आणि १४ कॅरेट धरलं. मशीनचं वजन वजा. खड्यांचं वजन वजा. वर घट. हिऱ्यांचे पैसे देणं लांबच, ते हिरे आहेत म्हणून सोनं कमी भरलं! साडेबारा हजार हातात. भाऊ म्हणाला, "ते आतले माणिक तरी काढून द्या की ओ." सराफ हसला आणि अख्खं मशीन कागदाच्या पुडीत बांधून दिलं. हे सगळं त्यानंच मला सांगितलं, आणि वर, "मामांना काय बे कळतंय त्यातलं, सोनं ते सोनं."

आता लिलावाचं. मुंबईत सॅफ्रनआर्ट, अस्तागुरू यांच्याकडं दागिने-घड्याळांचे लिलाव होतात. आधी फोटो पाठवायचे: पुढून, मागून, झाकणाच्या आतून, मशीनचा. ते अंदाजी किंमत सांगतात, राखीव किंमत ठरते, त्याखाली बोली थांबली तर माल परत. हातोडा पडतो तो आकडा तुमचा नव्हे, त्यातून कमिशन जातं. घेणाराही वर प्रीमियम भरतो, म्हणून बातमीतले आकडे फुगलेले दिसतात. वस्तू शंभर वर्षांवरची निघाली तर १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याप्रमाणं ती परस्पर परदेशात विकायला पाठवता येत नाही. आणि पाठवायच्या आधी पॉलिश करू नका, डायल रंगवून घेऊ नका. डायल रंगवून, इकडचे तिकडचे भाग जोडून केलेल्या घड्याळांना जगभरचे शौकीन 'मुंबई स्पेशल' म्हणून हिणवतात, आपल्याच मुंबईच्या नावानं.

एक सांगायचं राहिलं. नावाजलेल्या कंपनीचं नसेल तर बायकांच्या छोट्या हिऱ्याच्या घड्याळांना लिलावात फार मागणी नसते. शौकिनांना पुरुषांची मोठी घड्याळं लागतात. पुष्कळदा सोनं अधिक हिरे एवढ्यावरच गाडी थांबते. म्हणजे आत्याच्या घड्याळाचे लाख आले असते असं मी म्हणत नाही. भावाला वाटतं मी तेच म्हणतो. मी एवढंच म्हणतो की १८ ला १४ धरू नये आणि हिरे वजा करू नयेत. हे त्याला पंधरा वर्षं सांगतोय. मागच्या गड्ड्याच्या यात्रेत भेटला तेव्हा भजी खाताखाता परत तेच: "तुमच्यानं एवढं तरी झालं असतं का?"

त्याला हे म्हणता येतं, कारण घड्याळ त्याच्या हातात मीच दिलं होतं. वडील जेवायला घरी गेले होते, कपाटाजवळ मी. तो म्हणाला, आईनं मागितलंय. मी विचारलं नाही, घड्याळाचं पाकीट काढून दिलं. वडील आल्यावर रिकामा खण बघून नुसते "बरं" म्हणाले.

मशीन माझ्याकडं आहे, फिल्मच्या रोलच्या डबीत. वडिलांनी साफ करून तेल घातलेलं, त्यांचं शेवटचं मोठं काम. अजून चावी दिली की चालतं, दिवसाला चार मिनिटं मागं पडतं. तुमच्या घड्याळाचं झाकण उघडाल तेव्हा आतला फोटो इथं टाका. बाईचं डोकं आहे की खार, तेवढं मी सांगतो.