लेबल छापायच्या आधी

प्रिय भाचीस,
अनेक आशीर्वाद.

लेबलाचा नमुना पाहिला. लाल-पिवळा रंग झकास, पण ‘कोल्हापुरी घरगुती मसाले’ हे नाव घेऊ नकोस. माल कुठल्या पद्धतीचा, कसा आणि काय, एवढं त्यातून कळतं. तो तुझा आहे हे मात्र कळत नाही. माल कुणाचा हे ओळखू येणं, ट्रेडमार्कचं म्हणजे नोंदवलेल्या व्यापारी नावा-चिन्हाचं काम नेमकं तेवढंच. नुसतं वर्णन करणारे किंवा गावाचे शब्द सगळ्याच व्यापाऱ्यांना लागतात, म्हणून 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम 9 त्यांच्या नोंदणीला आडवं येतं. वर्षानुवर्षं वापरून नाव तुझ्याच मालाशी जोडलं गेलं तर गोष्ट वेगळी. तुझी तर अजून पहिली खेप निघायची आहे.

कुणी सांगेल, “लोगोसकट अर्ज टाकू, नोंदणी मिळून जाईल.” मिळेलही. पण मग हक्क त्या चित्राचा, आतल्या शब्दांचा नाही. उद्या पलीकडच्या गल्लीतल्याने तेच शब्द वेगळ्या वळणात छापले की तू बघत बसशील. त्यापेक्षा मसाल्याशी संबंध नसलेला किंवा सरळ स्वतः घडवलेला शब्द शोध आणि आधी तोच शब्दचिन्ह म्हणून, म्हणजे चित्राशिवाय नुसता शब्द म्हणून, नोंदव. लोगो नंतर बघू.

बाकी वस्तूचा आकार, वेष्टण, रंगांचा मेळ, आवाजसुद्धा नोंदवता येतो. कुलाब्याच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या इमारतीचं रूपच 2017 मध्ये ट्रेडमार्क झालं! तुला सध्या यातलं काही नको.

वर्ग मात्र नीट बघ, म्हणजे नोंदणीसाठी माल आणि सेवांचे केलेले गट. एकूण 45 आहेत. मसाले आणि पापड 30 मध्ये, लोणचं 29 मध्ये. दोन्हींत नाव हवं तर फी दोनदा. स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज केलास तर वर्गामागे 4,500 रुपये. त्याआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या साइटवर असंच नाव आधी कुणाचं आहे का याचा शोध घे, स्पेलिंगने आणि उच्चारानेही. अर्ज मान्य झाला की रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये छापतात आणि चार महिने कुणालाही हरकत घेता येते. नोंदणी 10 वर्षांची, पुढे नूतनीकरण. नोंदणी होईतो नावापुढे ‘टीएम’ (ट्रेडमार्क) चालेल. वर्तुळातला ‘आर’ नोंदणीआधी छापायला कायद्याने मनाई आहे.

आणि पहिल्या पाकिटापासूनची बिलं फाईलला लाव, तारखेसकट. पुढे कुणी तेच नाव तुझ्याआधी नोंदवलं, तरी त्याच्याही आधीपासूनचा तुझा सलग वापर या कागदांवरूनच सिद्ध होईल.

चार-पाच नावं काढून पाठव. मीही शोध घेऊन बघतो.

तुझा,
मामा