मोटर काढली, मग काच धरणार कोण?

वाचकांचे प्रश्न, गॅरेजमधून उत्तरं

प्रश्न : नमस्कार. आमची गाडी २६ वर्षांची आहे. छताला लहान काचेचं सनरूफ आहे, मोटरवर चालणारं. दोन महिन्यांपासून बटण दाबलं की मोटर नुसती घुमते, काच बोटभर सरकते आणि थांबते. परवा ती अर्धी उघडी अडकली आणि छतावर प्लास्टिक बांधून गाडी घरी आणावी लागली. एका मेकॅनिकनं सांगितलं, ही मोटर आता मिळत नाही. दुसरा म्हणाला, मोटर काढून टाका आणि काच हातानं ढकलत जा. तिसऱ्यानं लोखंडी हँडल बनवून द्यायची तयारी दाखवली. गाडी वडिलांची आहे, विकायची नाही. मोटरऐवजी हँडल बसवता येईल का? कोणाचं ऐकू?

उत्तर : हँडल बसवता येतं. मात्र त्या दुसऱ्याचं अजिबात ऐकू नका आणि तिसऱ्याला थोडं थांबवा.

मोटर काच सरकवते, हे आपल्याला दिसतं. ती काच धरूनही ठेवते, हे दिसत नाही. या मोटरीत वर्म गिअर असतो. म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेली एक दांडी आणि त्या आट्यांत अडकलेलं दात्यांचं चाक. दांडी फिरवली की चाक फिरतं, पण चाकाकडून कितीही जोर लावा, दांडी हलत नाही. सुटी मोटर कधी हातात आली तर बाहेर डोकावणारा पिनियन, म्हणजे दात्यांचं छोटं चाक, अंगठा आणि तर्जनीत धरून पिळून बघा. बोटांवर दात्यांचे ठसे उमटतील, पण पिनियन जागचा हलणार नाही. तुमच्या काचेचं कुलूप ते आहे. ब्रेक मारला की उघडी काच पुढे यायला बघते. वेगात असताना छतावरून जाणारा वारा तिला वर खेचतो. हे सगळे जोर काच सरकवणाऱ्या केबलमधून त्या पिनियनपाशी येतात आणि तिथेच अडतात. मोटर काढून टाकली की बळ जातं तसं कुलूपही जातं. मग जोरात ब्रेक लागला त्या क्षणी कुणाचा हात त्या उघड्या जागेत असेल, तर काचेची कड सुरीसारखी पुढे येईल. म्हणून म्हणतो, ढकलाढकलीचा विचार सोडा.

आता तुमची मोटर खरंच गेली आहे का, ते बघू. मोटर घुमते, म्हणजे फ्यूज आणि बटण यांच्यातून वीज पोचते आहे. मीटर असेल तर बटण दाबून धरून मोटरच्या प्लगवर मोजा. १२ व्होल्टच्या आसपास आकडा टिकला तर वायरिंग ठीक. जोर पडताच तो ८-९ वर घसरत असेल तर दोष गंजलेल्या जोडात किंवा स्विचमध्ये आहे आणि मोटर बिचारी उपाशी काम करते आहे.

वायरिंग ठीक निघालं तर मोटर उतरवा. बहुतेक गाड्यांत ती छतातल्या पुढच्या दिव्याच्या चौकटीमागे असते आणि मोजक्या स्क्रूंवर बसलेली असते. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून दहा मिनिटं थांबा, कारण छताच्या कडेनं पडद्यासारख्या एअरबॅग असतील तर त्यांच्या वायरींशी खेळ नको. मोटर निघाल्यावर दोघांनी दोन बाजूंना काच धरून, दोन्हीकडे सारखाच जोर लावून ती हळू सरकवायची. सहज सरकली तर दोष मोटरमध्ये. दगडासारखी बसली तर मोटर निर्दोष आहे, काच जिच्यावर सरकते ती रेल किंवा केबल अडली आहे. अशा काचेला हँडल लावलंत तर मोटरनं जे सोसलं ते तुमचं मनगट सोसेल आणि पुढच्या महिन्यात हँडलचे दाते झिजतील.

माझ्याकडे 'मोटर गेली' म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांत रेलमधलं ग्रीस सुकून मेणासारखं झालेलं होतं, त्यात धूळ आणि झाडाचा पाचोळा. चिंधीनं सगळं पुसून काढलं, नवं ग्रीस पातळ हातानं लावलं, रबराला सिलिकॉनचं वंगण दिलं आणि तीच जुनी मोटर परत चालू लागली. गंज सोडवायचा स्प्रे रेलमध्ये मारू नका. तासभर छान वाटतं, पण तो उरलंसुरलं ग्रीस धुऊन नेतो. तुम्हीही आधी एवढं करून बघा, मग हँडलकडे वळा.

एवढं करूनही मोटर मेलेलीच निघाली, तर मला सगळ्यात आवडणारा मार्ग असा : मोटर फेकू नका, तिथेच राहू द्या. बऱ्याच जुन्या मोटरींना अडचणीच्या वेळेसाठी षटकोनी खाच ठेवलेली असते, तिच्यात ॲलन की घालून काच हातानं मिटवता येते. काही मोटरींत चावी आधी वर दाबावी लागते, तेव्हा आतला क्लच सुटतो. मोटरचं वाइंडिंग, म्हणजे आतली तारांची गुंडाळी, जळलेलं असलं तरी गिअर बहुतेक वेळा धड असतो. म्हणजे गिअरपेटी आणि कुलूप दोन्ही तुमच्याकडे आधीच आहेत. दिव्याच्या चौकटीत त्या खाचेसमोर एक भोक पाडा, त्याला रबरी टोपी बसवा आणि चांगल्या मुठीची ॲलन की गाडीत ठेवा. फेरे खूप मारावे लागतात, मान वर करून फिरवताना खांदा भरून येतो, पण महिन्यातून दोनदा छत उघडणाऱ्याला हे पुरतं. एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा : मोटरचा प्लग काढून ठेवा. अनेक गाड्यांत बटण सोडल्यावर मोटरच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडल्या जातात. अशी जोडलेली मोटर हातानं फिरवली तर ती स्वतःच वीज तयार करून स्वतःलाच अडवते. प्लग काढला की चावी हलकी होते.

रोज उघडायचं असेल तर खरं हँडल हवं, आणि ते कंपनीचंच हवं. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत हातानं फिरवायची सनरूफ सर्रास मिळत. फोक्सवागन गोल्फची दुसरी पिढी घ्या, व्होल्वो २४० घ्या. १९८२ ते १९९४ या काळातली बीएमडब्ल्यूची ई-३० मालिका तर हँडल आणि मोटर अशा दोन्ही प्रकारांत येत होती. तुमच्या मॉडेलचा हँडलवाला भाऊबंद निघाला असेल तर भंगारातल्या गाडीवरून हँडल, त्याची गिअरपेटी, मागची खोलगट वाटी आणि स्क्रू सगळं एकत्र उचला. नुसतं हँडल आणू नका.

विकत घेण्याआधी जुनी मोटर शेजारी ठेवून तीन गोष्टी जुळवा : स्क्रूच्या भोकांची जागा, पिनियनची उंची आणि दाते. दात्यांचं महत्त्व केबल बघितल्याशिवाय कळत नाही. ही केबल ब्रेकच्या केबलसारखी गुळगुळीत नसते. पोलादी गाभ्याभोवती आणखी एक तार अंतर सोडून गुंडाळलेली असते, म्हणजे अख्खी केबल लांबलचक लवचीक स्क्रूसारखी दिसते. पिनियनचा एकेक दाता त्या वेढ्यांमधल्या फटीत बसतो. अशा दोन केबल पिनियनच्या दोन बाजूंनी जातात. पिनियन फिरला की एक डावीकडे ढकलली जाते आणि एक उजवीकडे, पण रेलमध्ये पोचेपर्यंत दोघी मिळून काच मागे नेतात. दात्यांची फट आणि तारेचे वेढे जुळले नाहीत तर पहिल्या दिवशी नुसता कटकट आवाज येतो, आणि पुढे केबलचे वेढे सोलून निघतात.

बसवताना होणारी सगळ्यात महाग चूक मी केलेली आहे, म्हणून हे जीव तोडून सांगतो. मोटर निघाली की दोन्ही केबल सुट्या होतात. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत एका गाडीला मी हँडल बसवलं, तेव्हा डावी केबल दोन-तीन वेढे पुढे राहिली होती. वरून काच सरळच दिसत होती. चौथ्या फेऱ्याला हँडल जड लागलं, मी ग्रीस कमी असेल समजून जोर केला आणि छतात टक्कन आवाज झाला. काच तिरकी होऊन तिचा डावा प्लास्टिकचा सरकता पाय मोडला होता. त्या माणसाची गाडी पुढे बराच काळ ताडपत्रीखाली उभी राहिली आणि मला रोज तिच्यासमोरून जावं लागत होतं. तेव्हापासून पिनियन बसवण्याआधी मी काच पूर्ण मिटवतो, दोन्ही रेलमधले सरकते पाय एकाच खुणेवर आहेत का ते बॅटरीच्या उजेडात स्वतः बघतो आणि मगच स्क्रू आवळतो. हँडलही त्याच्या मिटलेल्या खुणेवर असलं पाहिजे, कारण कुठे थांबायचं ते त्याच्या पेटीतला अडसर ठरवतो. पहिला फेरा दोन बोटांनी मारा. जड लागलं तर थांबा. ड्रिल मशिन लावून काच पळवायचा मोह तर नकोच, अडलेली केबल मशिनला कळत नाही.

घरी बनवलेल्या हँडलला माझा विरोध याच साठी आहे. वेल्डिंग करून पिनियनला दांडा जोडणं अवघड नाही. पण त्याला उलटं फिरण्यापासून कोण अडवणार? चांगल्या हँडलच्या पेटीत त्यासाठी सोय असते, हातानं फिरवायच्या दाराच्या खिडकीत स्प्रिंगचा ब्रेक असतो तशी. तुमच्या कारागिराला एवढंच विचारा, काच मागून ढकलली तर हँडल फिरेल का? फिरत असेल तर ते बसवू नका. शिवाय डोक्यावर लटकणारा लोखंडी दांडा अपघातात कपाळाशी येतो. मूळ हँडल घडी होऊन वाटीत बसतं ते याच कारणासाठी.

मोटरच्या वायरी कापू नका. प्लगवर टेप गुंडाळून अस्तरामागे बांधा, तो फ्यूज फक्त सनरूफचाच असेल तर काढून ठेवा. उद्या मोटर मिळाली तर वडिलांची गाडी होती तशी करता येईल.

प्रश्न : मी गेल्या वर्षी मोटर काढून कंपनीचं हँडल बसवून घेतलं. चालतं छान. पण वेगात शिट्टीसारखा आवाज येतो आणि पावसात पुढच्या सीटच्या पायाशी पाणी साचतं. काच नीट मिटत नाही का?

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. शिट्टी काचेच्या उंचीची आहे. काचेची पुढची कड छतापेक्षा एखादा मिलिमीटर खाली आणि मागची तेवढीच वर हवी. पुढची कड वर राहिली की वारा तिच्यावर आपटतो. काचेच्या बाजूचे स्क्रू किंचित सैल करा, छतावर आडवी पट्टी ठेवून उंची जुळवा आणि परत आवळा.

पाण्याचा दोष काचेकडे नाही. सनरूफचं रबर सगळं पाणी अडवतच नाही, तशी अपेक्षाही नसते. आत शिरलेलं पाणी चौकटीच्या पन्हळीत पडतं आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खांबाच्या आतून खाली जातं. पुढच्या सीटपाशी पाणी म्हणजे पुढची नळी तुंबली किंवा निसटली. छत उघडून कोपऱ्यात कपभर पाणी ओता आणि गाडीखाली कुठून निघतं ते बघा. तुंबली असेल तर मऊ नायलॉनची दोरी हलक्या हातानं आत सोडा. हवेच्या दाबानं फुंकू नका. नळी वरच्या जोडातून निसटली तर पुढच्या पावसात सगळं पाणी अस्तरात जाईल. हँडल बसवताना कुणाचा तरी हात लागून ती निसटली असण्याचीही शक्यता आहे, तेही बघून घ्या.

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या गाडीचं पॅनोरमिक, म्हणजे जवळजवळ अख्खं काचेचं, छत आहे. वॉरंटी संपली, मोटर बिघडली. हेही हातानं चालेल असं करता येईल का?

उत्तर : नाही. ती काच मोठी आणि जड आहे, आणि मोटरच्या पोटातच बहुतेकदा कंट्रोल युनिट, म्हणजे तिला चालवणारा छोटा संगणक, असतो. हात अडकला तर काच मागे नेणारी सुरक्षा तिथेच असते, ती तुम्ही हातानं काढून टाकाल. आधी काच पूर्ण मिटवून मोटरला काचेची जागा नव्यानं शिकवण्याची क्रिया करून घ्या, तिची पद्धत गाडीच्या पुस्तकात असते. बॅटरी बदलल्यावर मोटर कधी कधी ही जागा विसरते आणि बिघडल्यासारखी वागते. त्यानंही भागलं नाही तर नवी मोटर घाला, आणि ती येईपर्यंत छत मिटवून ठेवा.