माइक बंद होतो तेव्हा

प्रिय मित्रा,

बीजीएमआयमध्ये (आपल्याकडची पबजी) आपल्या चौघांच्या स्क्वॉडचा आयजीएल, म्हणजे मॅचमध्ये टीमला कॉल देणारा कप्तान, व्हायचंय, काय काय शिकू, असं तू विचारलंस. ड्रॉप कुठे घ्यायचा, म्हणजे नकाशावर कुठे उतरायचं, आकसत जाणाऱ्या सुरक्षित झोनमध्ये कधी शिरायचं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून मी फक्त रविवारच्या मॅचबद्दल लिहितोय.

एरांगलचा नकाशा, शेवटचे झोन, तीन टीम उरलेल्या. आपला स्नायपर कड्यावरून डोकावला आणि नॉक झाला, म्हणजे गोळी लागून खाली पडला. तू धावत जाऊन त्याला उठवलंस, पण उठवता उठवता "बॉट आहेस का रे, गेम डिलीट कर" म्हणालास आणि मग त्याच्या आईवर गेलास. तो गप्प बसला. पुढच्या मिनिटभरात डावीकडून एक टीम चढून आली आणि आपण चौघेही संपलो. "डावीकडे कोण बघत होतं?" म्हणून तू ओरडलास. डावीकडे तोच होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं. म्हणाला, "दादा, पावलं ऐकू आली होती. पण सांगितलं आणि चुकीचं निघालं असतं तर परत शिव्या बसल्या असत्या."

हे वाक्य नीट वाच. आयजीएलला स्वतःचे डोळे दोनच, बाकीचे सहा माइकवरून मिळतात. त्यातले दोन तू स्वतः मिटवलेस.

तू वाईट मुलगा आहेस असं मी अजिबात म्हणत नाही. लीग ऑफ लेजंड्स हा ऑनलाइन गेम बनवणाऱ्या रायट गेम्सने २०१२-१३ च्या सुमारास आपल्या खेळाडूंचं वागणं बारकाईने तपासलं होतं. सतत घाण वागणारे साधारण १ टक्का निघाले आणि एकूण त्रासातला जेमतेम ५ टक्के त्यांच्या नावावर होता. बाकी बहुतेक त्रास एरवी नीट वागणाऱ्या, पण त्या दिवशी डोकं फिरलेल्या खेळाडूंचा. त्यांनी आणखी एक साधी गोष्ट करून पाहिली. समोरच्या टीमशी बोलायची चॅट आपोआप बंद ठेवली; ज्याला हवी त्याने स्वतः चालू करायची. लोक जवळजवळ तेवढेच बोलत राहिले, पण वाईट बोलणं ३० टक्क्यांहून जास्त कमी झालं. मध्ये एवढीशी अडचण आली तरी माणूस सावरतो. रविवारी रात्रीचा दीड वाजला होता आणि आधीच्या तीन मॅच आपण हरलो होतो. तुझ्यासाठी ती अडचण मीच ठरवून देतो: लागोपाठ दोन हरलो की फोन उपडा ठेवायचा, उठायचं, पाणी प्यायचं, दहा मिनिटं गेमकडे बघायचंही नाही.

तू म्हणशील, दोस्तांत शिव्या चालतातच. चालतात. पण तीच शिवी तो तुला तेवढ्याच मोकळेपणी परत देऊ शकतो का, एवढंच बघ. स्नायपर तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आहे, तो नाही देऊ शकत. आम्ही गल्लीत क्रिकेट खेळायचो तेव्हा रडीचा डाव खेळणाराही असायचा आणि भांडणंही व्हायची, पण दुसऱ्या दिवशी बॅट त्याच्याच घरून आणायची असायची. दार त्याची आई उघडायची. अनोळखी लोकांच्या रँडम स्क्वॉडमध्ये ते दार नाही, आणि मला वाटतं सगळा फरक तिथेच पडतो.

आता जे मला जास्त छळतं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका रँडम मॅचमध्ये चौथी खेळाडू मुलगी होती. लँड होताच तिने फक्त "गाडी इकडे आहे" म्हटलं. लगेच एकाचं सुरू झालं: "लडकी है क्या? इन्स्टा आयडी दे." तिने उत्तर दिलं नाही, तेव्हा घाणेरडं बोलायला लागला. मी बंदुका-सामान लूट करत राहिलो. तिसराही गप्प. थोड्या वेळाने ती मॅच सोडून गेली. त्या माणसाचा आवाज मी विसरलोय, माझं गप्प बसणं विसरलेलो नाही.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी हेलो ३ हा गोळीबाराचा गेम ऑनलाइन खेळताना आधी रेकॉर्ड केलेली साधी वाक्यं वाजवली, कधी पुरुषाच्या आवाजात, कधी बाईच्या. बाईच्या आवाजाला तिप्पट वाईट शेरे आले. २०१५ मध्ये त्याच नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा तिच्यावर जास्त तुटून पडणारे हे खेळात कच्चे असलेले पुरुष निघाले. पुढच्या वेळी असा आवाज कानावर आला की हे आठव.

आणि गप्प बसू नकोस. भाषण नको, भांडणही नको. "तिला खेळू दे, तू कॉल दे," एवढं पुरतं, पण ते पहिल्या अर्ध्या मिनिटात यायला हवं, कारण तेवढ्यात तिसरा कोणाची बाजू घ्यायची ते ठरवत असतो. तरी थांबला नाही तर त्याला म्यूट कर, मॅच संपल्यावर रिपोर्ट कर. कुणी गेमबाहेर, इन्स्टापर्यंत मागे लागला तर मुलीला तिचंच काय चुकलं ते विचारत बसू नकोस. स्क्रीनशॉट जपून ठेवायला सांग. बाई नको म्हणत असताना पुन्हा पुन्हा संपर्क करत राहणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे आणि केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते.

स्नायपरला वेगळा मेसेज करून सॉरी म्हणू नकोस. शिवी सगळ्यांसमोर माइकवर दिलीस, सॉरीही तिथेच म्हण. मी त्याला काही सांगितलेलं नाही.

शनिवारी साडेनऊला गेममध्ये रूम लावतोय. पहिल्या मॅचला आयजीएल तू. डावी बाजू त्यालाच दे, आणि तो जे सांगेल त्यावर एकदा तरी टीम हलव, चुकीचं निघालं तरी.

तुझा,
दादा