शेततळ्यातल्या रोहूला फिश ऑइल कशाला?

प्रश्न (परतूर, जि. जालना): प्लास्टिकच्या शेततळ्यात रोहू, कटला सोडलेत. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा घालतो. खाद्यवाला म्हणतो, फिश ऑइलशिवाय (माशाच्या तेलाशिवाय) वाढ नाही. घरचं करडई किंवा जवसाचं तेल चालेल का?

उत्तर: चालेल, पण एकटी करडई नको. तिच्यात ओमेगा-३ (माशाच्या वाढीला लागणारं तेलातलं एक आम्ल) नसल्यातच जमा. जवसात ते भरपूर असतं आणि रोहू-कटला त्यापासून पुढची लागणारी आम्लं स्वतःच्या अंगात तयार करतात. समुद्रातल्या शिकारी माशांना ते नीट जमत नाही, म्हणून फिश ऑइल त्यांना लागतं. तुमच्या तळ्यात त्याचं काय काम?

१०० किलो खाद्याला १ किलो जवसाचं आणि १ किलो सोयाबीनचं किंवा घरचं करडईचं तेल. बास. दुकानदार पाच किलो घाला, मासा फुगतो म्हणेल. फुगतोच, पण चरबीनं. असा मासा चिरून बघा, आतड्याभोवती पांढऱ्या चरबीचा थर आणि कलेजी फिकट. गिऱ्हाईक पुढच्या खेपेला तुमच्याकडे फिरकत नाही. तेल दोन किलोच, तिसरा किलो नाही.

तयार गोळी खाद्य आणत असाल तर वरून थेंबही नको. त्यात तेल असतंच, पोत्यावर फॅटचा आकडा छापलेला असतो, तो वाचा. गोळीला तेल चोळून टाकलं की पाण्यावर तवंग येतो आणि पहाटे मासे तोंड वर काढून हवा खायला लागतात. मग तोच दुकानदार ऑक्सिजनच्या गोळ्या विकतो!

माझं सांगणं एकच: घाण्यावरचं ताजं जवसाचं तेल घ्या. महिनाभर पुरेल तेवढंच आणा, डबा अंधारात ठेवा, खवट वास आला की टाकून द्या. हॉटेलातलं तळणीचं तेल फुकट मिळालं तरी नको. तेल पेंडीत मळून गोळे करा आणि छिद्रं पाडलेल्या पोत्यात भरून बांबूला टांगा. वेळ सकाळी ऊन चढल्यावरची. ढगाळ दिवशी खाद्य बंद, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत निम्मं. दुकानदार काहीही म्हणो, थंडीत तेल वाढवू नका.

केंद्राच्या मत्स्य संपदा योजनेत (२०२०-२१ पासून) मत्स्यपालनाच्या प्रकल्प खर्चावर अनुदान सर्वसाधारण गटाला ४०, महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के ठरलं होतं. अर्ज सुरू आहेत का, ते जिल्हा मत्स्य कार्यालयात विचारा, दुकानात नव्हे.

मासे काढण्याच्या आदल्या दिवशी खाद्य टाकू नका.