आधी जुनं गोवं, मग पणजी

प्रश्न : दिवाळीनंतर आई-बाबांना घेऊन गोव्याला निघालोय. रात्री पणजीत मुक्काम, मग हाताशी एकच पूर्ण दिवस. समुद्रकिनारे नकोत. बाबांना जुन्या इमारतींचं वेड, आईचे गुडघे दुखतात. पणजी बघावी की जुनं गोवं?
– एक वाचिका, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, दोन्ही बघा. फक्त आधी जुनं गोवं आणि मग पणजी, हा क्रम मोडू नका. मी तो मोडला होता. शाळेत इतिहास शिकवायचो तेव्हा नववीच्या मुलांची सहल नेली, सकाळी पणजी उरकली आणि दुपारी जुन्या गोव्यात पोचलो. से कॅथेड्रलसमोरच्या हिरवळीवर एका पोरानं विचारलं, "सर, एवढी मोठी चर्चं हाईत, मग गाव कुठाय?" त्या गावाचं पुढं काय झालं ते दाखवायची जागा पणजी होती, आणि ती तर आम्ही मागं टाकून आलो होतो.

गाव मांडवी नदीच्या काठानं समुद्राकडं, पणजीला सरकलं. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी आदिलशाहीकडून घेतलेलं हे शहर रोगराईनं पोखरलं. तिथला दगड जांभा, आपल्या पन्हाळ्यावर आहे तसाच भोकाभोकांचा. त्यातून सांडपाणी थेट विहिरींत झिरपायचं. पटकी आणि हिवतापानं माणसं मरत राहिली, उरली ती निघून गेली. 1759 मध्ये व्हाइसरॉय पणजीला राहायला गेला, 1843 मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. पडक्या इमारतींचा दगडसुद्धा पणजीच्या बांधकामाला गेला.

सकाळी लवकर बॉम जीझस गाठा. रविवार असेल तर प्रार्थनेची वेळ टाळा आणि अंगभर कपडे घाला. 1605 मध्ये पूर्ण झालेलं हे चर्च बाहेरून उघड्या जांभ्याचं आहे, कारण त्याचा गिलावा गेल्या शतकात काढून टाकला. आईंना आत बाकावर निवांत बसू द्या. संत फ्रान्सिस झेवियरचे अवशेष तिथंच आहेत.

तिथून सेंट ऑगस्टिन चर्चच्या पडक्या मनोऱ्याकडं. जागा टेकडीवर आहे, म्हणून गाडीनंच वर जा. सुमारे 46 मीटर उंचीच्या मनोऱ्याचा उरलेला भाग एकटा उभा आहे. 1842 मध्ये चर्चचं छत कोसळलं, 1931 मध्ये दर्शनी भाग पडला. बाबांना तिथं एकच गोष्ट सांगा : इथली घंटा संध्याकाळी बघायची आहे.

पणजीला परतताना मोठ्या रस्त्यानं येऊ नका. रायबंदरवरून या. सतराव्या शतकात बांधलेला सुमारे तीन किलोमीटरचा बांध तुम्हाला पणजीत आणून सोडतो. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरांची सखल जमीन. चालकाला सावकाश चालवायला सांगा.

जेवण पणजीत. शीतकढी, म्हणजे भात आणि नारळाचं कालवण, आणि तळलेला बांगडा. आपल्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याशी तुलना करू नका, नारळाची चव वेगळ्या जातीची आहे.

उन्हं कलली की फोंतेन्हास, पणजीतली जुनी वस्ती. तिथं चालावं लागतं, पण रस्ता बराचसा सपाट आहे. पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची घरं. पांढरा रंग चर्चसाठी राखलेला असायचा. फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीत लोक एक गोष्ट हमखास चुकवतात, ती म्हणजे सेंट सेबॅस्टियनचं छोटं चॅपेल. आतल्या क्रुसावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत आणि मानही खाली झुकलेली नाही. हा क्रूस मूळचा जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या वाड्यातला. त्याच्यासमोर माणसांच्या जबान्या होत असत, हे ठाऊक असलं की त्या नजरेपुढं फार वेळ उभं राहवत नाही. मी तरी दोन मिनिटांत बाहेर आलो आणि समोरच्या पायरीवर बसून राहिलो. दार बंद असेल तर शेजारी विचारून बघा.

मग मोठं चर्च, अवर लेडी ऑफ इमॅक्युलेट कन्सेप्शन. पुढच्या नागमोडी जिन्यावर आईंना चढवू नका. खालच्या चौकातून मान वर केली की मधोमध घंटा दिसते. सकाळच्या पडक्या मनोऱ्याची हीच ती घंटा, 1871 पासून इथं आहे. बाबांना आता काही सांगावं लागणार नाही.

नदीकाठचा आदिलशहाचा वाडा बाहेरून तरी बघाच. मूळ यूसुफ आदिलशहाचा, नंतर व्हाइसरॉयचा, आणि गोवामुक्तीनंतर कितीतरी वर्षं तिथं विधानसभा भरत होती. शेजारी आबे फारियांचा पुतळा आहे, संमोहनविद्येचा अभ्यास करणारे कांदोळीचे पाद्री. आडव्या पडलेल्या बाईवर ते हात रोखून उभे आहेत. मुलं घाबरतात, मोठी माणसं थबकतात.

शेवटी मांडवीपलीकडच्या बेतीला जाणारी फेरीबोट. जाऊन लगेच परत या, काही मिनिटांचा प्रवास आहे आणि आईंना एकही पायरी चढावी लागत नाही. परत येताना दिवे लागलेले असतील, तेव्हा तोंड पणजीकडं करून उभे राहा.